मामाचा घास

कोऱ्हाळे बुद्रुक,
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. स्वरूपा हीस,
मोनाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरात फोन असताना ताई कागद कशाला खराब करतेय, असं म्हणशील. पण तुझ्या सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि स्पीकरवर तू नुसती ‘बरं आहे’ एवढंच म्हणतेस. लहानपणी माझ्या बांगड्या फोडून ठेवल्यास तेव्हाही तुझं असंच बरं होतं. तुमच्या शेजारच्या दादासाहेबांचा पेरूचा टेंपो आठवड्यातून दोनदा बारामतीला येतो. त्यांच्याकडे उत्तर दे, ते कोऱ्हाळ्यापर्यंत पोचतं करतील.

दिवाळीला पाठवलेला मल्हारचा फोटो मी शंभरदा पाहिला. तेरा वर्षं अंगणवाडीत काढली, त्यामुळे बाळ दिसलं की माझी नजर आधी त्याच्या दंडावर जाते. आपल्या मल्हारचा दंड मला आवडला नाही. तू म्हणालीस की तो हल्ली फार गुणी झालाय, दिवसभर रडत नाही. साडेसात महिन्यांचं पोर इतकं गुणी असू नये गं.

आपल्या ऋषीची दिवाळीची रजा रद्द झाली. मग मामाशिवाय उष्टावण कुणी केलं? मल्हार खातो काय? खरं लिही. आता झाकलंस तर मात्र मी खरंच रागवेन.

लोभ तर आहेच, आता धीरही धर.
तुझी,
मोनाताई


निरवांगी,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. मोनाताईस,
स्वरूपाचा सा. न. वि. वि.

उष्टावण झालेलंच नाही. पहिला घास मामाच्याच हातचा, त्याआधी पोटात अन्नाचा कण जायचा नाही, असा सासूबाईंचा नेम आहे. ऋषीची रजा आता वीस डिसेंबरची म्हणतात. व्हिडिओ कॉल लावू, तो तिकडून बोलेल आणि मी भरवीन, असं मी सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, मोबाईलला हात असतात का! चुलतभाऊ चालेल का विचारलं, तर जेवणावरून उठून गेल्या.

माझं दूध जवळजवळ आटलंय. गाईचं दूध बाटलीनं देतो, पण निम्मं पाणी घालून, कारण दाट दूध त्याला बाधेल म्हणतात. सर्दीसाठी डॉक्टरांकडे नेला तेव्हा, सहाव्या महिन्यात, तो साडेसहा किलो होता. पोराचं वजन केलं की दृष्ट लागते, म्हणून अंगणवाडीत नेऊ देत नाहीत. परवा त्या रानात गेल्यावर मी त्याला भेंडीच्या क्रेटमध्ये ठेवून आमच्या मालाच्या काट्यावर चढवलं. क्रेटचं वजन वजा जाता सहा किलो दोनशे भरला. ताई, मला वाटलं काटा बिघडलाय. मग भेंडी ठेवून पाहिली. काटा बरोबर होता.

त्या वाईट नाहीत गं. माझ्यासाठी स्वतः अळिवाचे लाडू वळतात. पण यांच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, भीमा. त्याचा मामा यायच्या आत सासूबाईंच्या जाऊबाई धोंडाबाईंनी त्याला भाकरी कुस्करून भरवली आणि आठव्या दिवशी तो गेला. तेव्हापासून घरात धोंडाबाईंचं नाव निघत नाही. आता सासूबाईंच्या भीतीशी मी कशी भांडू? मल्हार पाळण्यात डोळे उघडे ठेवून पडलेला असतो आणि मी सारखी त्याच्या नाकाशी बोट धरून पाहते. यांना सांगितलं तर हे म्हणतात, आईला एवढी पोरं वाढवायचा अनुभव आहे.

काय करू ते कळव. तुझ्याशिवाय मला कोण आहे?
तुझी,
स्वरूपा


कोऱ्हाळे बुद्रुक,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. स्वरूपा हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. गावातल्या चाळीस पोरांची वजनं मी वहीत लिहिते आणि माझ्याच भाच्याला भेंडीच्या क्रेटमध्ये मोजावं लागतं!

नीट वाच. सहा महिने झाले की नुसत्या दुधावर मूल निभत नाही, मग ते आईचं का असेना. दुधात पाणी घालणं आजपासून बंद. बाटली फेकून दे, वाटी-चमचा घे. तुझं येईल तेवढं दूध पाजत राहा, ते तोडू नकोस. मूगडाळ-भात गरगटा शिजवून, बोटानं मोडून, वर चमचाभर तूप घाल. सुरुवातीला दोन-तीन चमचेच दे. एकदम पोटभर भरवू नकोस, उपाशी पोटाला ते झेपत नाही. आणि त्याला इंदापूरच्या दवाखान्यात दाखव, हे सगळ्यात आधी. अविराजरावांना म्हणावं, आईंचा अनुभव खरा, पण काटा खोटं बोलत नाही.

मी तीस तारखेला, रविवारी येते. तोवर त्याला जुलाब लागले, ताप आला किंवा तो चमचा तोंडात घेईना, तर पत्र लिहीत बसू नकोस. स्पीकरवरून का होईना, ओरडून सांग. माहेरचे शिकवायला आले असं त्या म्हणतील, तर खुशाल म्हणू देत.

भिऊ नकोस असं लिहिणार होते. पण मीच भ्यालेय, तर तुला कुठल्या तोंडानं सांगू?
मोनाताई


निरवांगी,
२६ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. मोनाताईस,
सा. न. वि. वि.

मी भरवलं. आज सकाळी सासूबाई भेंडी तोडायला गेल्यावर भात शिजवला. दवाखान्यात न्यायला यांनी शनिवारचा वायदा केला होता, पण काल काटा पाच किलो नऊशेवर आला आणि माझा धीर सुटला. घाईत पहिला चमचा त्याच्या हनुवटीवरच सांडला. त्यानं तो चाटला. ताई, सात-आठ दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

तिसऱ्या चमच्याला मान वर केली तर सासूबाई दारात. कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. डोक्यावरची पाटी तशीच घेऊन मागं वळल्या आणि आता देवापुढं बसल्यात. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दादासाहेब हॉर्न वाजवतायत. मल्हारनं आत्ताच उलटी केली आणि दुपटंही खराब केलंय. हात धुऊन फोन लावते. पत्र तसंच देते.
स्वरूपा


दवाखाना, बारामती,
१० डिसेंबर २०२५

चि. सौ. मोना हिला,
निरवांगीच्या फुलाबाईचा आशीर्वाद.

तू रोज डबा घेऊन येतीस, पर तुझ्याफुडं ह्ये तोंडातनं निघत न्हाय. म्हणून नर्सबाईकडनं कागद मागून घेतला. चौथीपत्तुर शिकलीया, चुकलंमाकलं संभाळून घे.

त्या दिवशी मी दारात हुते. वाटी हिसकून घ्यायला पाय उचलला हुता. पर मल्हारनं वाटीला दोनी हात घातलं हुतं. माझा पाय तितंच अडला. मग जुलाब लागलं तवा मी सूनबाईला नको नको ते बोलले, पोर मारलंस म्हणाले. तिनं तुला सांगितलं नसंल. तू धावत आलीस, हितं आणलंस, म्हणून पोर हाताला लागलं.

डॉक्टरनं मला विचारलं, काय पाजत हुता. मी बाटली दाखवली. ते म्हणालं, पोरगं म्हैनाभर उपाशी हाय, आजी. आन बाटलीच्या घाणीनं पोट बिघडलंय, तीन चमचे भातानं काय न्हाय झालं. आज सहा किलो तीनशे भरला. सकाळी खिमट यायला उशीर झाला तर वार्ड डोक्यावर घेतला. ऋषिराज यायचा तवा येऊ दे, त्यालाबी मान देऊ. पोर त्याच्यासाठी थांबायचं न्हाय आता.

पर त्या डॉक्टरच्या बोलण्यानं माझी झोप गेलीया. माझा भीमा नऊ म्हैन्याचा हुता. त्याचा मामा सुगी झाल्यावर येनार हुता. तवर त्यालाबी मी असंच पाणी घालून दूध पाजलं, माझ्या ह्या हातानं. त्योबी गप गप झाला हुता. माझं लेकरू किती गुणी म्हणून मी आळीत मिरवलं. त्याचं डोळं बघून धोंडाबाईनं भाकरी कुस्करून चारली. चाळीस वर्सं मी तिला पोर खाल्लेली म्हणते. तिच्या लेकीच्या लग्नाला गेले न्हाय, तिच्या मालकाच्या मातीला गेले न्हाय.

भीमा कशानं गेला, ह्ये तू शिकलेली, तू सांगशील. पर लिहू नको. मला कळलंया.

धोंडाबाई वरकुट्याला असती, अजून हाय. मल्हारला घरी सोडलं की मला तिच्या दारात नेऊन उभी कर. एकटीला जायाला भ्या वाटतंय.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड न्हाय. तरी ठेव.
फुलाबाई