ओझ्याचं बटण

३ मार्च, मंगळवार
दोन पिकअपपैकी एक विकणार! मालकाने सकाळी यार्डातच सांगितलं. ड्रायव्हर एकच ठेवणार — मी, नाहीतर मामा. "आठवडाभर दोघांचं डिझेल मोजतो. ज्याचं ॲव्हरेज कमी, तो घरी. विमानाचं तिकीट माझं."

परत गेलो तर दाजींच्या दुकानात पुड्या बांधायच्या. वर दाजी गिऱ्हाइकांना ऐकवणार, "आमचे साहेब आले परदेशातून!" मेलो तरी नको.

मामा काही सख्खा नाही. इथे आलो तेव्हा ऑटोमॅटिक गाडीत माझा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडायचा. आम्ही दोघं काचेवर आपटायचो. मामाने तो पाय टॉवेलने सीटला बांधून मला शिकवलं. तेव्हापासून मामा.

५ मार्च
एसी बंद. ॲक्सिलरेटरवर पाय कसा, अंड्यावर ठेवल्यासारखा. माल उतरवणारा म्हणतो, "गाडी चालवतोस की वरात काढतोस?" हसू दे.

६ मार्च
माझी गाडी टायरला गेली. पाइपांची एक खेप मामाच्या गाडीने नेली. चढावर ती सारखी गिअर बदलत धापा टाकायला लागली, म्हणून ओझ्याचं बटण दाबलं. मग गाडी खालचा गिअर धरून बसते, वरचा घेतच नाही. ओढते झकास — आणि डिझेल पिते ढसाढसा.

७ मार्च
बटण बंद करायचं राहिलं! या गाडीत आपण बंद करेपर्यंत ते चालूच राहतं. मालक मामाला म्हणाला, "डिझेल गाडी पिते की तू?" मामा नुसता हसला. बटण नसतं तर मी मामाच्या पासंगाला पुरलो नसतो. बोललो की मीच घरी.

संध्याकाळी गावाहून मामीचा फोन. गुडघे कसे आहेत म्हणे. मामा म्हणाला, "एकदम टकाटक!" खोटं. गाडीतून उतरताना दाराला लोंबकळतो. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार याला? मला जेवण गेलं नाही.

८ मार्च
मामा अंघोळीला गेला तसा किल्ली उचलली. बटण बंद केलं. त्याला काही बोललो नाही. आता जे व्हायचं ते होवो —

९ मार्च
मामाचं ॲव्हरेज चढलं. माझ्या पुढे! मालक खूश. मामा गप्प. का गप्प?

११ मार्च
मामा राहिला. मी चाललो.

खोलीवर आल्यावर मामाला सगळं सांगून टाकलं. वाटलं, पाठीवर हात ठेवेल. तो खाटेवर मटकन बसला. "गाढवा! बटणाचा दिवा मी त्याच दिवशी पाहिला होता. मुद्दाम चालू ठेवला. तो विझलाय हे ॲव्हरेज चढल्यावर कळलं, तोवर आठवडा भरला होता. आपणहून नोकरी सोडली तर तिकीट आपल्या खिशातून, मालकाने काढलं तर त्याच्या. मामीला येतो म्हणून सांगून बसलोय रे!"

दोघं मालकाकडे पळालो. त्याने मान वरही केली नाही. "ज्याचं ॲव्हरेज जास्त, तो राहणार."

बाहेर आल्यावर मामाने फोन माझ्या हातात कोंबला. "लाव. तूच सांग तिला."