वरोरचा न गेलेला इशारा

१२ नोव्हेंबर २०१८
आले एकदाची वरोरला! रिक्षात मांडीवर लॅपटॉप आणि पायाशी कुणाची तरी सुक्या बोंबलांची टोपली. लाडकीमावशींनी माडीवरची खोली दिलीय. त्यांचे यजमान भिकूकाका होडीवर एकटेच जातात. मला चिडवत म्हणाले, वारा कळायला मशीन कशाला, नाक आहे की. तरी यादीत पहिला नंबर त्यांचाच घातला.

काम असं: मच्छीमारांना फोनवर वाऱ्याचा इशारा धाडायचा. मच्छीमार सोसायटीचा जुना प्रोग्राम जावा भाषेतला, मी नवा भाग क्लोजर भाषेत लिहायचा. जावा हाक मारणार, माझा भाग यादीतल्या एकेकाला इशारा देणार. दोघी भाषा एकाच व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सासूसून एका चुलीवर.

२१ नोव्हेंबर
जमलं! माझ्या पडद्यावर चालवून पाहिलं, यादीतले चौदाही फोन वाजले. काका अंगणातून फोन नाचवत ओरडले, आला गो बाय! उलट उत्तरही धाडलं, ‘मिळाला’. मावशींना वाचता येत नाही, मीच वाचून दाखवलं.

२७ नोव्हेंबर
दुपारी वारा सुटला. जावानं सकाळी अकरालाच हाक मारली होती, म्हणजे इशारा गेला असणार. किनाऱ्याजवळच्या होड्या परतल्या. काका आले नाहीत.

३० नोव्हेंबर
काकांचा शोध थांबवला. चूक सापडली, माझीच. क्लोजर आळशी आहे. यादी देते, पण आतलं कुणी मागेपर्यंत काम करत नाही. एकवीस तारखेला माझ्या पडद्यानं दाखवण्यासाठी मागितलं, म्हणून फोन वाजले. जावानं मागितलंच नाही. एकही इशारा गेला नाही.
मावशींनी विचारलं, दिला होता ना? मी हो म्हटलं. मला माझी लाज वाटते.

३ डिसेंबर
दुरुस्ती केली. काकांचा नंबर काढायची छाती झाली नाही. यादी मागवली. चौदा इशारे गेले.
चौदा उत्तरं आली.

४ डिसेंबर
फोन त्यांच्याबरोबर बुडाला. यादी पुन्हा मागवली — काकांच्या नंबरावरून ‘मिळाला.’ खाली — ‘आता धाडतेस?’

६ डिसेंबर
रडताना मावशींनी पकडलं. काका उत्तर देतात एवढंच सांगितलं. कुंकू अजून पुसलेलं नाही त्यांनी. म्हणाल्या, “इचार त्यांना. इशारा मिळून पन का गेलं? माजा इचार नाय केला?” त्या काकांवर रुसल्यात — माझ्या खोटेपणामुळे —

७ डिसेंबर
विचारलं. ‘नव्हता मिळाला.’
मावशी शेजारीच — काय म्हणतात विचारतायत — मी म्हटलं, चुकलो म्हणतात — घरी येतो म्हणतात —
नवी ओळ. मी काही मागवलं नाही —
‘बरं. येतो.’
खाली कडी वाजतेय. मावशी हसत जिना उतरल्या — मावशी, थांबा, मी खोटं —