मागच्या डाव्या चाकाची नळी

आलाहान पांजांग, ३ मे १९९४

चि. अस्निमार हिस जालिनुसमामाचे आशीर्वाद. वि. वि.

येथे सर्व बरे आहे. थंडी फार, तुझी आई दोन शाली पांघरून मिरच्या निवडते. कोबीचे गड्डे यंदा एवढे आले आहेत की उचलताना नवऱ्याचे डोके आठवते, असे तुझी मावशी गावभर सांगत सुटली आहे.

आता कामाचे. ट्रकची सहामाही तपासणी ११ तारखेला आहे. ईदेच्या आत पाडांगला चार खेपा टाकायच्या आहेत. मागच्या वेळेप्रमाणे सोलोकला तुझ्याच रांगेत लावतो. अंड्याचा चहा घेऊ, गप्पा मारू, शिक्का घेऊन मी निघेन. ट्रकच्या मागे नाव तुझेच रंगवले आहे. घरातली पहिली पदवी, तुझी, याच ट्रकने कोबी वाहून आणली. तू त्याच्या पोटाखाली कशाला शिरतेस?

लोभ आहेच, चहात साखर जास्त सांग.
तुझा मामा


सोलोक, ११ मे १९९४

ती. मामांस अस्निमारचा सलाम. वि. वि.

तुम्ही आज कारण न ऐकता ट्रक घेऊन निघून गेलात, म्हणून लिहिते.

मागच्या डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी पकडीने चेपून दुमडलेली आहे. चाकापाशी तेल गळत असावे आणि दुरुस्तीऐवजी तेलाची वाटच बंद केलेली दिसते. म्हणजे चारांपैकी तीनच चाकांना ब्रेक आहे. दाबला की ट्रक उजवीकडे, समोरच्यांच्या अंगावर ओढतो. उरलेली तीन चाके चौथ्याचे काम करून तापतात. चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगला की आतले लायनर त्याला नीट टेकत नाही आणि पेडल खाली जाऊ लागते. त्यात सितिंजाउच्या उतारावर तुम्ही डिझेल वाचवायला गिअर काढता, मग सगळा भार ब्रेकवरच येतो. खाली टपरीवर थांबून तापलेल्या ड्रमवर पाणी मारता, तेही थांबवा. उजव्या ड्रमला तडा गेला आहे. मी बोट फिरवून पाहिले.

लाल शिक्का रागाने मारलेला नाही. नळी आणि ड्रम बदलेपर्यंत ट्रक उतारावर नेऊ नका. नंतरही, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

राग धरलात तरी लोभ सोडू नका.
अस्निमार


आलाहान पांजांग, १४ मे १९९४

चि. इंजिनिअरबाईंस आशीर्वाद. मोठ्या माणसांना ते चालत असतील तर घ्यावेत. वि. वि.

रांगेत बावीस ट्रक होते. त्या सगळ्यांसमोर सख्खी भाची माझ्या ट्रकखालून तेलाने माखून वर येते आणि लाल शिक्का मारते. आता बाजारात मला विचारतात, तुमची तीन पायांची म्हैस कशी आहे?

वीस वर्षे मी सितिंजाउ उतरतो आहे. ट्रक उजवीकडे ओढतो तर ओढू दे, मी स्टिअरिंग डावीकडे धरतो. हाताला सवय आहे. आणि मला एवढे सांग. नळी काल नाही, दोन वर्षांपूर्वी दुमडली. मग नोव्हेंबरात तूच हिरवा शिक्का कसा मारलास? तेव्हा म्हशीला चार पाय होते?

कोबी सडायला लागला आहे. सोमवारी पहाटे मी बिनशिक्क्याचा निघतो.

तुझ्या आईच्या मायेखातर लोभ ठेवला आहे.
जालिनुस


सोलोक, १५ मे १९९४

ती. मामांस व आईस अस्निमारचा सलाम. वि. वि.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते, आजच पोचेल. ते आईलाही आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा नेहमीप्रमाणे मामा, तुम्हीच वाचून दाखवा.

मामा, तुम्ही विचारलेत ते बरोबर आहे. नोव्हेंबरात मी ट्रकखाली गेलेच नव्हते. मामांना रांगेत तिष्ठत ठेवून त्यांच्या ट्रकचे दोष काढत बसणे मला बेअदबी वाटली. मी तुमच्याबरोबर चहा प्याले आणि हिरवा शिक्का मारला. सहा महिने तुम्ही माझ्या सहीवर तीन चाकांनी उतरत होता. काल मी हे वरिष्ठांना लिहून दिले. तीन महिने शिक्का माझ्याकडे नसेल.

आई, ट्रकचे मागचे एक चाक थांबत नाही आणि मामा उद्या पहाटे सितिंजाउ उतरणार आहेत. ट्रक तुझ्या नि मावशीच्या शेतीच्या आधारावर घेतला आहे. चावी मागण्याचा हक्क तुम्हा दोघींचा आहे. पुढचे तुम्ही ठरवा.

दोघांनी लोभ करावा, मामांनी पूर्ण वाचून करावा.
अस्निमार


आलाहान पांजांग, २ जून १९९४

चि. अस्निमार हिस मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पहिल्यांदा मी पूर्ण वाचून दाखवले नाही. तुझा सलाम, बसचा ड्रायव्हर आणि शेवटचा लोभ एवढे वाचून घडी घातली. तुझी आई मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली की माझी पोर एवढ्याशा मजकुरासाठी बस थांबवायची नाही, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा मी तुझ्या चुकीचा भाग तेवढा वाचला. तो वाचताना मनात आले, पोरीने स्वतःचे लिहून दिले आणि मी माझे गाळतो आहे. मग तिसऱ्यांदा सगळे वाचले. तुझ्या आईने शाल सावरली आणि हात पुढे केला. मी चावी दिली. मावशीने ती तांदळाच्या कोठीत टाकली.

ईदेचा कोबी दुसऱ्याच्या ट्रकने गेला, अर्धा सडला. आता नळी नवी आहे, चाकातला गळका भागही बदलला. दोन्ही मागचे ड्रम, लायनर नवे. परवा नव्या तपासनीसाने ट्रकखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरून सगळे पाहिले आणि हिरवा शिक्का दिला.

काल दुसऱ्या गिअरमध्ये सितिंजाउ उतरलो. मागच्या गाड्यांतली पोरे भोंगे वाजवत होती, काका, ट्रकला ताप आहे का म्हणून. मोठ्या वळणावर सिमेंटचा ट्रक चढताना बंद पडून आडवा झाला होता. मी ब्रेक दाबला आणि जुन्या सवयीने स्टिअरिंग डावीकडे ओढले. ट्रक मुळी उजवीकडे ओढतच नव्हता. तो डावीकडे वळला आणि गटाराच्या काठावर थांबला. पण थांबला. ट्रक दुरुस्त झाला आहे, हाताला शिकवायला वेळ लागेल.

कापलेली जुनी नळी सोबत पाठवतो. टेबलावर ठेव. नोव्हेंबरात तुझ्याच रांगेत येईन. चहा मात्र तू खड्ड्यातून वर आल्यावर.

लोभ आहे, या वेळी काही न गाळता.
तुझा मामा