तिसरी खोली भरलेली आहे

देवबाग,
१८ नोव्हेंबर २००७

प्रिय दादा,

इकडे आम्ही तिघंही बरी आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण विचारलेलं तू कधी सांगत नाहीस. आये विचारते, रेडीच्या बंदरात खनिज भरताना ती लाल धूळ छातीत जाते का? चावदिसाला, दिवाळीच्या पहिल्या पहाटे, गोडे पोहे खाताना तिने तुझं नाव घेतलं. बाबांनी घेतलं नाही, पण पोहे अर्धे टाकून उठले.

गणपती झाल्यापासून मी दिवसभर आपल्या घराचं पान बांधतेय. इंटरनेटवरचं. गेल्या वर्षी मालवणच्या क्लासात शिकवलं तसं एक केलं होतं. अख्खं पान म्हणजे एक तक्ता, त्याच्या चौकटीत दुसरा तक्ता, त्यात तिसरा, आणि वर 'सुस्वागतम्' सरकत जायचं. मी ते वाडीभर दाखवत फिरले. मग पुण्याचं एक कुटुंब राहायला आलं. हसत हसत म्हणाले, आमच्या कॉम्प्युटरवर तुमच्या घराचं नाव म्हणजे नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतात, आणि स्वयंपाकघराचा फोटो तुमच्या वडिलांच्या तोंडावर येऊन बसतो. मी वापरलेला फॉन्ट फक्त क्लासातल्या मशीनवर होता, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की त्या माणसांना जेवायला वाढायला मी आयेला पुढे केलं.

क्लारा टीचरांची सेलिना आठवते ना, कॉलेजात माझ्या बाकावर असायची ती? ती आता पणजीला अशी पानं बनवणाऱ्या ऑफिसात आहे. तिला फोन केला, तर म्हणाली, आता कोणी तक्त्यात पान कोंबत नाही. जे सांगायचं ते एका फाइलीत आणि ते दिसावं कसं ते दुसऱ्या फाइलीत. पहिलीत फक्त खरं ते लिहायचं: हे घराचं नाव, हा मजकूर, ही खोली. रंग, रुंदी, मधली मोकळी जागा हे सगळं दुसरीकडे. तिथली एक ओळ बदलली की सगळी पानं एकदम बदलतात. आणि मराठी अशी लिहायची की जगात कुठेही मराठीच दिसेल.

दादा, मला हे फार पटलं. मी जुनं पान सगळं मोडलं. आये दारातून बघत होती. म्हणाली, "कालच झाला होता ना तां? परत कित्याक उसवलंस? ग्रॅज्युएट झाली नि चौकोन रंगवत बसली."

घरी लिहायचं, वीज गेली की थांबायचं, पेन ड्राइव्ह घेऊन मालवणची एसटी धरायची आणि सायबर कॅफेत बसून पान चढवायचं. एका ब्राउझरमध्ये सगळं सरळ दिसतं, दुसऱ्यात उजवीकडचा भाग घसरून खाली पडतो. परत घर, परत एसटी. कंडक्टर विचारतो, रोज कोणाला भेटायला जातेस? पण मला वाटतं, हे नीट शिकले तर आपल्या वाडीतल्या प्रत्येक घराचं स्वतःचं पान होईल. पाहुणे दलालाला विचारत येणार नाहीत, घराचं नाव वाचून येतील. असं काही मनात आलं की मला एका जागी बसवत नाही. हल्ली तसंही बसवत नाही.

आता खोल्यांचं सांगते. पानावर तीन खोल्या आहेत. पहिली रस्त्याकडची. दुसरी माझी, पाहुणे फारच झाले तर मी आयेकडे निजते. तिसरी खाडीकडची, तुझी. प्रत्येक खोलीखाली एक ओळ येते: रिकामी किंवा भरलेली. पहिलीखाली मी 'रिकामी' लिहिलं, माझ्या खोलीखाली 'भरलेली', आणि तिसरीपाशी अडले.

दिवाळीत आलेल्यांना तीच खोली हवी होती. बाबा म्हणाले, "थंय माणूस आसा."

त्यांनी विचारलं, दिसत नाही कोणी?

"भायर गेलो हा."

ती मंडळी जाईपर्यंत त्या माणसाची वाट बघत होती. त्यांच्यातल्या आजींनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, तो बिचारा जेवायला तरी कधी येतो?

ते गेल्यावर बाबा माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावरचं त्यांना वाचता येतं, पण वाचत नाहीत असं दाखवतात. म्हणाले, "तीन नंबर भरलेली म्हणान घाल." मी विचारलं, किती दिवस? त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. मी 'भरलेली' लिहिलं. ते वाचूनच गेले.

अजून एक आहे. बाबांनी मला बजावलंय, "ह्यां तेका लिवा नको." म्हणून लिहिते. त्या पाहुण्यांच्या लहान मुलीला डॉल्फिन बघायचे होते. किनाऱ्यावरच्या बोटी भरलेल्या होत्या आणि ती रडायला लागली. बाबा उठले, आपली होडी पाण्यात घातली आणि सगळ्यांना संगमावर नेऊन आणलं. ज्या होडीवरून तुमचं भांडण झालं, "मासे मारूचे सोडून माणसांका फिरवतलंस?" असं त्यांनी तुला वाडीसमोर विचारलं, त्याच होडीतून. दुसऱ्या दिवशी परत नेलं. आता पुढच्या महिन्यातले पाहुणे फोनवर होडीचं विचारून घेतात. मला पानावर होडीचा फोटो घालायचाय आणि बाबांना विचारायची हिंमत होत नाही.

एक गोष्ट राहिली आहे. ती आज लिहवत नाही.

२१ नोव्हेंबर

हे पत्र तसंच पडून होतं. राहिलेलं आता लिहिते.

सेलिनाच्या ऑफिसने मला बोलावलंय. मी मोडून परत बांधलेलं आपलं पान तिने तिथे दाखवलं. एक डिसेंबरला हजर व्हायचं आहे. हे मला दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं. खरं सांगायचं तर हे पत्र मी त्याचसाठी लिहायला घेतलं होतं, की दादा, तू घरी ये, म्हणजे मला जाता येईल. बाबांचा खांदा हल्ली दुखतो. आये एकटी किती माणसांचं रांधणार? पण दोन वर्षं तुला कोणी ये म्हटलं नाही, आणि आता म्हणायचं ते माझ्या सोयीसाठी? मी पोह्यांपासून तक्त्यांपर्यंत सगळं लिहिलं, तेवढंच टाळलं.

आज सकाळी बाबांना सांगून टाकलं. ते माडाखाली जाळं सांधत होते. राहणार कुठे, सोबत कोण, इतकंच विचारलं. सेलिनाच्या मावशीकडे म्हटल्यावर मान हलवली. मग परत जाळं सांधायला लागले. मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. मनातून मला ते खरं करायचं नव्हतं.

"पानाचा काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते पणजीत बसूनही बदलता येतं.

"मगे दोन नंबर रिकामी घाल."

दादा, मला रडूच आलं. जायचं नक्की होईपर्यंतही यांना धीर नाही, आणि तुझ्या खोलीतली चटई दोन वर्षांत कोणी हलवलेली नाही. मी बोलूनही दाखवलं. माझी खोली आजच देताय आणि त्याची अजून का नाही, असं तोंडावर विचारलं.

जाळ्यातून नजर न काढता ते म्हणाले, "तू 'येतंय' म्हणान जातंस. तो म्हणाक नाय."

मला तो दिवस आठवला. तू पिशवी उचललीस आणि उंबऱ्यात "जातंय" म्हणालास. आये मागून ओरडली की तसं म्हणू नये, 'येतंय' म्हणावं, आणि तू मुद्दाम परत तेच म्हणालास. मला वाटायचं बाबा तेव्हा पाठमोरे होते, त्यांनी ऐकलं नसेल.

होडीच्या फोटोचंही मग विचारून घेतलं. म्हणाले, "घाल. पण माका त्यात नको." म्हणजे होडीत बसलेलं कोणीतरी लागेल. ते कोण, हे मी विचारलं नाही.

दुपारच्या गाडीने मालवणला जाऊन मी पान चढवणार. पत्ता या कागदामागे मोठ्या अक्षरांत लिहिलाय. शिरोड्याला जाशील तेव्हा कॅफेत बसून उघड. दुसऱ्या खोलीखाली 'रिकामी' दिसेल, तिसरीखाली 'भरलेली'. तो एक शब्द बदलायला मला क्षणही लागणार नाही, पण मी तो बदलणार नाही.

माझ्यासाठी ये असं आता म्हणत नाही. आये शेजारच्या सुगंधाला मदतीला घेतेय, मी जातेच आहे. तुला कायमचं यायचं नसेल तर नको येऊ. पण एकदा ये. उंबऱ्यात उभा राहा, बाबांना ऐकू जाईल असं म्हण, आणि मग खुशाल रेडीला परत जा. त्यानंतर ती खोली पाहुण्यांना द्यायची की नाही, ते बाबा ठरवतील.

एसटीचा हॉर्न ऐकू येतोय. पाकीट चिकटवायचं राहिलंय.

येतंय.

तुझी,
अक्षदा
(एक तारखेपर्यंत खोली क्रमांक दोन)