नवव्या ग्रीनचा उतार

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून तीन महिने मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतोय. आज कागदावर भांडतो, कारण उद्या सकाळी आठ वाजता माणसं फावडी घेऊन डोंगरावर चढणार आहेत आणि तुमची नववी ग्रीन उकरून टाकणार आहेत. आत्ता रविवारची दुपार आहे. आई विचारतेय, कुणाला लिहितोयस? मी म्हटलं, कंपनीचं काम आहे.

शेठचं वेड शेवटी पुरं झालं, आबा. मुलुंडला कारखान्यामागे खदानीच्या डोक्यावरचा तो डोंगर, जिथे आपण करवंदं काढायला जायचो, तिथे खरंच नऊ होलचा गोल्फ कोर्स झालाय. आज सकाळी पहिला खेळ होता. चौघांतले एक पाहुणे आले नाहीत, म्हणून शेठनी मला निरोप पाठवला. मशीन शॉपचा फोरमन शेठबरोबर गोल्फ खेळला. तुम्ही असता तर विडी विझवून कानामागे ठेवली असती आणि बघत राहिला असता.

मला खेळता येतं हे त्यांच्या कानावर तुम्हीच घातलं होतं ना? चेंबूरच्या क्लबात तीस वर्षं गवत राखलंत. सोमवारी क्लब बंद, म्हणून सोमवार माळ्यांचा. साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांना सुतळी गुंडाळून तुम्ही सगळे खेळायचात आणि मला शाळा बुडवून न्यायचात. माझ्या सोमवारच्या पोटदुखीवर वर्गात हसायचे सगळे.

पण चेंबूर सपाट आहे हो! डोंगरावर कसं खेळायचं ते कधी शिकवलंत? एक पाय वर, एक पाय खाली, मधे बॉल, आणि समोर नुसतं आभाळ. माझा पहिला बॉल थेट खदानीत. दुसरा करवंदीच्या जाळीत. पाचव्या होलपर्यंत चार बॉल गेले आणि शेठ प्रत्येक वेळी "होतं, होतं" म्हणत होते, ते ऐकून अंगाचा तिळपापड होत होता. त्यात मी खास आजच्यासाठी खिळ्यांचे नवे बूट घेतले होते. दोन्ही टाचांना फोड आले.

तरी म्हटलं, नववी येऊ दे. नववी आपली आहे.

ग्रीन म्हणजे होलभोवतीची ती बारीक कापलेली हिरवळ, हे मी आईला शंभरदा सांगितलंय. ती तिला 'तुझ्या बापसाची सतरंजी' म्हणते. निवृत्त झाल्यावर शेठनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि त्या एका सतरंजीसाठी तुम्ही अख्खा हिवाळा डोंगरावर काढलात. दिल्लीहून आलेल्या कन्सल्टंट साहेबांशी वाद घातलात. ते म्हणत होते, उतार डोंगराकडे ठेवा. तुम्ही म्हणालात, पावसाचं पाणी डोंगराच्या पायथ्याशी तुंबेल आणि गवत कुजेल, उतार खदानीकडेच हवा. शेठनी तुमचं ऐकलं. गवताने मूळ धरलं, आणि ते धरलेलं बघून पंधरा दिवसांत तुम्ही गेलात.

आज त्या ग्रीनवर चौघांचे हाल झाले. डावीकडे डोंगर, उजवीकडे खदान. तुम्ही उतार खदानीकडे ठेवलात हे ठाऊक होतं, पण डोळ्यांना स्वच्छ दिसतं की जमीन डावीकडे कललेली आहे. म्हणून मी होलच्या उजवीकडे धरून हलकेच मारला, की बॉल डावीकडे वळून आत जाईल. तो आणखी उजवीकडे गेला. चढावर गेल्यासारखा गेला, आबा. दुसऱ्यांदा तेच. पाहुण्यांचं तेच, शेठचं तेच. कन्सल्टंट साहेब हाताची घडी घालून उभे होते. म्हणाले, "मी तेव्हाच बोललो होतो. माळ्याच्या अंदाजावर ग्रीन बनत नाही."

मग शेठ माझ्याकडे वळले. "वसंत, बाप तुझा होता. तूच सांग ना, ही ग्रीन बरोबर आहे की वाकडी?"

आता जे लिहितोय ते वाचून रागवा हवं तर. मी म्हणालो, "थोडी वाकडीच वाटते, शेठ."

का म्हणालो? फोड ठुसठुसत होते, चौघांत सर्वांत जास्त फटके लागून मी शेवटचा आलो होतो, आणि दोष माझ्या हाताचा नाही, जमिनीचा आहे, असं कुणीतरी म्हणायला मला हवं होतं. ते मीच म्हटलं. शेठ नुसते "ठीक आहे" म्हणाले. साहेबांनी लगेच चुन्याची पिशवी मागवून ग्रीनभोवती पांढरी रेघ ओढली. उद्या काम सुरू. तेही सोमवारी, आपल्या दिवशी.

सगळे खाली गेले. मी झेंडा काढायला मागे राहिलो आणि टाचांची आग सहन होईना म्हणून बूट काढले. मोजेही काढले. गवत गार होतं. होलपाशी उभा राहिलो आणि एकदम कळलं, माझा सगळा भार उजव्या पायावर येतोय. डोळे डावीकडे सांगत होते, तळवे उजवीकडे. तो अख्खा डोंगर खदानीकडे इतका घसरतोय की त्याच बाजूचा साधा उतार डोळ्याला उलटा दिसतो. एवढीच गोष्ट आहे!

होलच्या डावीकडे हातभर धरून मारला. बॉल संथपणे वळला आणि आत पडला. पाच वेळा मारला, चार वेळा पडला. बघायला कोणी नव्हतं. धावत खाली गेलो तर शेठची फियाट फाटकाबाहेर पडलेली. वाण्याकडून त्यांच्या बंगल्यावर फोन लावला. वॉचमन म्हणाला, "शेठ पाव्हण्यांना घेऊन जुहूला गेले, हॉटेलात. आज काय भेटणार नाय."

तुम्ही हे मला सांगितलं होतंत. माघ महिन्यात, त्याच जागी: "पायान बघ रे झिला. डोळे फसवतत, पाय फसवनत नाय." पण का फसवतात ते सांगायला तोंड दुखत होतं का? आयुष्यभर एवढंच बोललात, अर्धं. बाकीचं समोरच्याने ओळखायचं. मला वाटलं, माळ्यांची जुनी बडबड.

आणि खरं सांगायचं तर मी तेव्हा ऐकतच नव्हतो. तुम्ही अनवाणी होतात आणि पलीकडे साहेब उभे होते, माझं सगळं लक्ष त्यात. दुसऱ्याच दिवशी तुम्हाला कॅनव्हासचे बूट आणून दिले. म्हटलं, आबा, इथे मी फोरमन आहे, लोक काय म्हणतील? तुम्ही ते ठेवून घेतलेत. दिवसभर लेसची गाठ मारून ते गळ्यात अडकवायचात, आणि भोंगा झाला, मी बाहेर यायची वेळ झाली की फाटकापाशी बसून पायात घालायचात. हे मला तुमच्या बाराव्याला वॉचमनने सांगितलं. तेव्हा मी हसलो होतो.

रडू येत नाहीये, आबा, चीड येतेय. तुमची थोडी, माझी बरीच.

उद्या सात वाजता मी फाटकाशी असेन. शेठ उकरायला स्वतः हजर राहणार आहेत. साहेबांसमोर, फावडी घेतलेल्या माणसांसमोर सांगेन की काल मी चुकीचं बोललो, माझ्या बापाची ग्रीन बरोबर आहे. मग शेठना बूट काढून होलपाशी उभे राहा म्हणेन. काढतील की मलाच काढून टाकतील, माहीत नाही. पण ते उभे राहीपर्यंत मी त्या चुन्याच्या रेघेच्या आतून हलणार नाही, हा माझा शब्द.

तुमचे बूट माळ्यावरून काढून ठेवलेत. आईने विचारलं, "तुका ते होतले काय?" मी म्हटलं, पायात घालायचे नाहीत. लेसची गाठ मारलीय. उद्या गळ्यात घालून जातोय.

तुमचा झील,
वसंत