आप्पाच्या तळावरचा फाज

मंगळ., १८ नोव्हें. शिरूर
आज सकाळी दहा वीसला थाळीत भोकं दिसली आणि त्या मिनिटापासून माझं सगळंच बदललं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय.

थाळी म्हणजे तळहातावर मावेल एवढी बशी. तिच्यावर जंतूंचा थर, दुधावरच्या सायीसारखा. हे जंतू दौंडच्या एका पेशंटच्या पायाच्या जखमेतले. एकही अँटिबायोटिक त्यांना लागू पडत नाही. म्हणून आम्ही फाज शोधतोय. फाज म्हणजे जंतूंना खाणारा व्हायरस. पण प्रत्येक फाजाचं खाणं ठरलेलं, दुसऱ्या जंतूला तो तोंड लावत नाही. लॅबमधले अकरा टाकून झाले, सगळे उपाशी. आणि आज माझ्या बाटलीतला थेंब पडला तिथं साय फाटून गोल, स्वच्छ भोकं. मोजली. सत्तेचाळीस. परत मोजली. सत्तेचाळीस!

लॅबच्या प्रमुख मॅडमनी थाळी उजेडाला धरली. फिरवून फिरवून पाहिली. मग, "सॅम्पल कुणाचं?"
"माझं."
"शाबास."
आठ महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा. लॅब म्हणजे बाजारपेठेमागच्या भाड्याच्या दोन खोल्या, आणि मी इथं गाडी चालवणारा, गटारातलं पाणी भरून आणणारा. एस.वाय.ला मायक्रोबायोलॉजी सोडलं. सर म्हणाले आकृत्या कॉपी केल्यास. केल्या नव्हत्या. त्यांच्यासमोर जर्नल फाडलं आणि घरी आलो. कवठ्याला आबा, म्हणजे माझे वडील, अजून चारचौघांत विषय निघाला की उठून जातात. आता बसतील.

इथली पद्धत: ज्यानं फाज शोधला त्यानं नाव ठेवायचं. बारसंच. रजिस्टरात एकदा शाईनं लिहिलं की खोडायचं नाही. मी रकाना रिकामा ठेवला. नाव ठरलंय. आधी तिला विचारणार.

बुध., १९
दौंड. दर बुधवारी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीतून जंतूंची पेटी आणायची. पेटी रेश्मा देते. माझ्याच वर्गातली. तिनं डिग्री पूर्ण केली, मी... असो. रेल्वे कॉलनीत राहते. बुधवारी मी दाढी करतो हे लॅबमधल्या निखिललासुद्धा कळलंय.

"रेश्मा, एक विचारू?"
"आधी पेटीचं झाकण लाव. बर्फ वितळतोय."
लावलं. विचारलं.
"व्हायरसला माझं नाव?" एवढी हसली की शेजारचे काका वळून बघायला लागले. "आई म्हणेल, पोरीनं नाव काढलं!"
"जंतू खाणारा आहे तो. चांगला व्हायरस."
"तू नं, जंतूंच्या थाळीचा फोटो दाखवून प्रपोज करणाऱ्यांतला आहेस."
प्रपोज हा शब्द तिनं वापरला. मी नाही. याची नोंद.

मग एकदम गंभीर. "पेशंटला कधी देणार?"
खरं ते सांगितलं. आधी शुद्ध करायचा, तपासायचा, मग परवानग्या. ह्याच पेशंटला मिळेलच असं नाही.
"रोज पट्टी बदलताना तो माणूस दात आवळतो. मी बाहेरून ऐकते. त्याला औषध मिळायच्या आधी माझं नाव नको लावूस कशाला." मग हळूच, "पण मला भारी वाटलं हां. तू शोधलास. खरंच."

परत येताना गाडी चाळीसच्या वर नेलीच नाही. रस्ता लवकर संपायला नको होता.

गुरु., २०
आज हात उचलला. लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

निखिल एम.एस्सी. झालेला, पुण्याचा. म्हणाला, "ड्रायव्हर, फार उडू नकोस. पुण्याहून आलेल्या फाजाच्या बाटल्या त्याच टेबलावर उघड्या होत्या. त्यातला थेंब उडाला असणार."
कॉलर धरणार नव्हतो. धरली. बटण तुटलं.
मॅडम दारात. "हात खाली." मग मला, "तो बोलला ते मीही विचारणारच होते. बाटलीवर 'आप्पाचा तळ' लिहिलंय. हे ठिकाण यादीत नाही."

सांगावं लागलं. पाच तारखेचा बुधवार. यादीत रेल्वे कॉलनीमागचं गटार होतं. रेश्माशी बोलता बोलता चार वाजले, गटार राहून गेलं. रिकामी बाटली घेऊन लॅबला कसा येणार? वाटेत आप्पांच्या मेंढ्यांचा तळ. आप्पा माझे थोरले चुलते, आमच्यात मेंढरं अजून फक्त त्यांनीच ठेवलीत. मेंढ्या पाणी पितात त्या डबक्यात बाटली बुडवली. नाव लिहिलं. मोबाइलवर ठिकाण नोंदवायचं राहिलं.

"मग तळावर जाऊन आणखी आण."
"तळ हलतो, मॅडम. खतासाठी शेतकरी मेंढ्या वावरात बसवून घेतात. तीन-चार रात्री झाल्या की पुढचं वावर."
निखिल हसला. यावेळी हात खिशात ठेवले.

मॅडम म्हणाल्या, "तीच जागा शोध. तिथल्या मातीतून तोच फाज पुन्हा निघाला तर शोध तुझा, रजिस्टरात नाव तुझं. नाही निघाला तर ही थाळी बाद. आणि गटाराचं लपवलंस त्याचं आपण वेगळं बोलू."

बरोबर आहे त्यांचं. राग मात्र गेला नाही. माझ्या माणसांच्या मेंढरांखालनं निघालाय तो. मला माहीत आहे.

शनि., २२
आप्पा सापडले भीमेच्या अंगाला, उसाच्या फडापलीकडं.

"आप्पा, पाच तारखेला तळ कुठं होता?"
"तारीख मला ईचारू नगं. त्या दिशी झालं काय ते सांग."
"मी आलो होतो. भाकरी खाल्ली."
"तू येतुस तवा खातुसच."
"बांडी मेंढी व्याली होती. जुळं झालं."
"आसं बोल की! बांडी व्याली तवा..." आणि आप्पांनी डोळे मिटून एकेक बोट दुमडायला घेतलं. आज हितं. त्याआधी विहिरीपाशी, तिथं कुत्र्याला काटा लागला. त्याच्याआधी सरपंचाच्या पडीक रानात, चार रात्री, चहा गोड होता. त्याआधी बिनसाखरेच्या चहाचं वावर. "आन् त्याच्याआधी रावसाबाच्या भुईमुगाच्या रानात. थितं बांडी व्याली. पाटाच्या वळणाला."

एकदाही अडखळले नाहीत. निखिलला उपग्रह लागतो. माझ्या चुलत्याच्या डोक्यात अख्खा तालुका आहे, वावरासकट, चहासकट. ऊर भरून आला. 

मग त्यांनीच विचारलं, हे कशापायी. फाज समजावला, जमेल तसा.
"म्हंजी माझ्या मेंढरांच्या पायाखाली औषिद हाय?"
"हाय असं अजून म्हणता येत न्हाई."
"मंग एवढा कोकलतुस कशाला?"
काकू चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

रवि., २३
आप्पा स्वतः गाडीवर मागं बसून आले. डोक्याला पटका, हातात काठी, वळणावर माझा खांदा घट्ट धरून.

रावसाहेबांच्या रानात आता नुकता उगवलेला हरभरा. नांगरून पेरलंय, पाणीही दिलंय. डबकं कुठंच नाही. 
मी वाकून माती काढायला लागलो तसे रावसाहेब धावत आले. "ए, कोण रे तू? माती कशाला? प्रदूषण निघालं म्हणून उद्या पेपरात छापशील!"
मी तापलो. तोंड उघडणार तेवढ्यात मागून आप्पा, "रावसाब, पुतण्या हाय माझा. शास्त्रज्ञ हाय."
शास्त्रज्ञ. आप्पांच्या तोंडून.
"आधी सांगायचं की आप्पा! ने बाबा, ट्रॉली भरून ने."

आप्पा पाटाकडेनं चालत गेले, मध्येच थांबले. एका पट्ट्यात हरभरा बाजूच्यापेक्षा काळपट, जोमदार. "मेंढरं बसली ती ही जागा." आणखी आठ पावलं. काठी टेकवली. "आन् पाणी प्यायची ती हितं."

सहा बाटल्या भरल्या. यावेळी मोबाइलवर ठिकाण नोंदवलं, फोटो काढला, फोटोत आप्पा काठी टेकून उभे. ठिकाण म्हणून काय लिहू? नकाशात आकडे आले. त्यापुढं मी लिहिलं: बांडी व्याली ती जागा.

सोम., २४
माती पाण्यात घोळवली, गाळली, जंतूंसोबत फ्लास्कमध्ये ठेवली. फाज असला तर रात्रभरात वाढेल. 

निखिलनं ट्रे धरला. मी फ्लास्क ठेवता ठेवता म्हणालो,
"कॉलरचं सॉरी."
"बटण आईनं लावलं. तुझे आप्पा एक नंबर आहेत रे, फोटो बघितला." मग, "तरी निघायची खात्री नाही हां. नांगरलेल्या रानात उन्हानं मरतात ते."
माहीत आहे. मीच वाचलंय ते. रोज वाचतोय. कॉलेजात एवढं वाचलं असतं तर...

रेश्माचा मेसेज: काय झालं? लिहिलं: थांबलोय. तिचा अंगठा, आणि त्याच्यापुढं एक छोटं फूल. फुलाचा अर्थ लावत बसलो.

मंगळ., २५
थेंब थाळ्यांवर टाकले. एकूण बारा. सहा माझ्या बाटल्यांतले, सहा मॅडमनी भलतीकडून मागवलेल्या मातीचे. मॅडमनी नुसते आकडे चिकटवले. कुठली कुणाची ते फक्त त्यांच्या वहीत.

आबांचा फोन. आप्पांनी सांगितलं असणार. "व्हय रे, तू काय शोधलंस म्हणं?" पहिल्यांदा त्यांनी विचारलं. म्हटलं, उद्या कळेल. "उद्या कळू दे. मी हितं पारावर आजच सांगून आलोय."

बुध., २६
सकाळी साडेनऊ. थाळ्या बाहेर काढल्या, टेबलावर उलट्या मांडल्या. पुढं झालो.
"तू नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्याचा शोध त्यानं मोजायचं नाही. भोकं निखिल मोजेल. तू खोलीत असलास तर तो तुझ्या तोंडाकडं बघेल."
"मी तोंड फिरवून बसतो."
"तुझं तोंड मला माहीत आहे."

भांडावंसं वाटलं. सहा बाटल्या माझ्या, वावर शोधलेलं माझं, चुलता माझा. मग निखिलकडं पाहिलं. त्यानं पेन काढून ठेवलं होतं, कागदावर एक ते बारा आकडे लिहून. परवा आप्पांचं कौतुक करत होता, आज चेहरा एकदम कोरा. असाच माणूस पाहिजे. त्यानं मोजलं तर कुणी म्हणू शकणार नाही की ड्रायव्हरनं भोकं पाडली.

रजिस्टर उघडंच होतं. नावाचा रकाना अजून रिकामा. बर्फाची पेटी उचलली, दौंडची वेळ झाली होती. निखिलनं पहिली थाळी उजेडाला धरली. मी वळून बघितलं नाही. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.