दुसरी किल्ली

गुरुवार, १ ऑगस्ट १९६३. मेहकर.
पुढची खोली पद्मजाबाईंना भाड्याने देऊन महिना झाला. मुलींच्या शाळेत मास्तरीण. वर्ध्याकडच्या, एकट्या. आज म्हणाल्या, "काका, दाराला माझं स्वतःचं कुलूप लावू का?" नाही म्हणालो. दार माझे, कडी माझी, कुलूपही मीच दिलेले. त्याची एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी माझ्या करदोड्याला. ठेवणे भागच आहे. खोलीच्या भिंतीत वडिलांनी मारुती बसवलेला आहे, तो हलवता येत नाही. बाई शाळेत गेल्या की मी जाऊन दिवा लावतो. हे त्यांना सांगितलेले नाही. देवाच्या कामाची जाहिरात कशाला?

सोमवार, ५ ऑगस्ट. दुपार.
श्रावणी सोमवार. उपास. एक अद्भुत गोष्ट: शनिवारी वाहिलेले रुईचे पान आज टवटवीत! दिव्यातले तेलही जेवढ्याचे तेवढे. शेजारच्या शालिग्रामला सांगितले. म्हणाला, "उत्तमराव, तुमची भक्तीच तशी हाय." मी नको नको म्हणालो. एकदाच.
कोपऱ्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी. उपासाचेच दिसले. एक फोड घेतली. मारुतीला दाखवून.

गुरुवार, ८ ऑगस्ट.
टेबलावर बाईंनी भावाला लिहिलेले कार्ड होते. पाकीट नव्हे, कार्ड. पोस्टमनही वाचतो. "मी शाळेत गेले की खोलीत कुणीतरी येतं. वस्तू हललेल्या असतात. दाराला पाटा टेकवून झोपते, तरी डोळा लागत नाही. असंच चाललं तर नोकरी सोडून येईन."
जेवण गेले नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, कोण येत असेल? एक विचार मनात आला. आला तसा घालवला. मारुतीकडे मात्र नीट पाहवले नाही.
संकल्प: खोली रोज दोनदा तपासायची. लोणचे बंद.

मंगळवार, १३ ऑगस्ट.
दोनदा तपासली. कोणी नाही. बरणीचे झाकण सैल होते, ते लावले. त्याआधी दोन फोडी.
सौ. म्हणाली, "तिच्या खोलीत तुमचं काय काम हो? पोरगी सुकून चालली." देवाचे काम, म्हणालो. तर म्हणे, "मंग तिले सांगून जा ना. काऊन लपता?" आमच्या गोजरबाईला यातले बारकावे कळत नाहीत.

शुक्रवार, १६ ऑगस्ट.
वकिलांचे कारकून नीळकंठराव यांना सहज विचारले, एका ओळखीच्या माणसाबद्दल. ते म्हणाले, "भाडं घेतो ना तो? मग तिला विचारल्याशिवाय आत जायचं नाही. ती कुलूप लावते म्हणाली तर लावू द्यायचं." मी म्हणालो, पण त्याचा देव आत आहे. म्हणाले, "देवाची तक्रार आहे का?"
कारकुनाला श्रद्धेतले काय कळणार? उद्या शनिवार, मारुतीचा वार. सकाळीच आत बसून चोर पकडायचा. म्हणजे प्रश्नच मिटेल.

शनिवार, १७ ऑगस्ट. संध्याकाळ.
आठला आत गेलो. दबा धरायचा तर बसायला हवे, म्हणून बाईंच्या खाटेवर बसलो. डोळा लागला.
शनिवारची शाळा सकाळची. अकराला बाई आल्या. माझी किल्ली बाहेर कुलपातच राहिलेली, करदोड्याच्या लाल दोऱ्यासकट. बाईंच्या पिशवीत आजच घेतलेले नवे कुलूप होते. त्यांनी कडी घातली, ते लावले आणि ओरडल्या, "चोर कोंडलाय!"
बोलावे असे वाटले. पण गप्प राहिलो तर लोक चोर समजून निघून जातील, असा विचार केला. लोक निघून गेले नाहीत. शालिग्राम काठी घेऊन आला. "बाहेर निंघ बे!" म्हणाला. मला बे!
मग सौ.चा आवाज आला. "ह्या किल्लीले त आमच्या यांचा दोरा हाय. अजी, आतमंधी तुम्हीच हा काय?"
हाव, म्हणालो.
दार उघडले. मी दिव्याचे सांगितले, रुईच्या पानाचे सांगितले. बाई म्हणाल्या, "काका, दिवा मी रोज पहाटे लावते, शाळेत जाताना शांत करते. तेल घालते, पान बदलते. देव तुमचा आहे म्हणूनच करते. तुम्ही मला एकदा तरी विचारायचं."
शालिग्रामने काठी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिले नाही.
बाई सोमवारी खोली सोडून वर्ध्याला जाणार म्हणतात.

सोमवार, १९ ऑगस्ट.
सकाळी माझी किल्ली सौ.च्या हाताने बाईंकडे पाठवली. नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या त्यांच्याचकडे राहतील, असेही सांगायला सांगितले. सौ. म्हणाली, "तोंड नाही काय तुम्हाले?"
दुपारी तेलाची बाटली घेऊन गेलो. आत ट्रंक ओढल्याचा आवाज येत होता. बांधाबांध की लावालाव, कळेना. माझ्याच घराचे दार आयुष्यात पहिल्यांदा वाजवले.
आतला आवाज थांबला. "कोण?"
मी, म्हणालो.
"मी कोण?"
पूर्ण नाव सांगितले. वडिलांच्या नावासकट.
"थांबा," म्हणाल्या.
थांबलो.